अंगठ्याने सरकवणाऱ्यांसाठी आलेख: वेबवरच्या चार्ट-टूल्सची झाडाझडती

कामाची अट आधी सांगते, म्हणजे पुढची मतं कुठून आली ते कळेल. ठाण्यातली एक छोटी संस्था मुलींच्या शिक्षणासाठी काम करते. त्यांना २०११ च्या जनगणनेतले महाराष्ट्राचे जिल्हावार आकडे वेबसाइटवर आलेखांच्या रूपात हवे होते, सगळं मराठीत. वाचणार कोण? अंगणवाडी सेविका, मुख्याध्यापक, मुरबाड-शहापूरकडचे ग्रामपंचायत सदस्य. यातलं कुणी लॅपटॉप उघडून बसत नाही. व्हॉट्सॲपवर लिंक आली की फोनवर उघडायची, अंगठ्याने वर सरकवायचं, एखाद्या ठिकाणी बोट टेकवायचं, इतकाच कारभार. तेव्हा जे टूल फोनवर लंगडतं त्याचे गुण मी कापलेत, मग ते जगात कितीही गाजलेलं असो.

मी नेरुळची. शिक्षण सांख्यिकीचं, आधी ऐरोलीच्या एका कंपनीत रिपोर्टिंग, आता घरून मिळतील ती कामं. परीक्षेची जागा ठरलेली: ठाण्याला जाताना ट्रान्स-हार्बरचा डबा आणि हातात साधा अँड्रॉइड. रबाळे-ऐरोलीच्या मध्ये नेटवर्क रुसलं तरी जो आलेख उघडतो तो पास.

आजकाल ठिपक्यावर बोट नेलं की चौकटीत आकडा दिसतो, तेवढ्यावर टूलवाले इंटरॅक्टिव्हचा शिक्का मारून मोकळे होतात. आमच्या विषयात ही अपेक्षा जुनी आहे आणि बरीच मोठी आहे. संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या लिनिअर ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये प्रिम-९ नावाचा प्रोग्राम बनवला. नऊ मितींपर्यंतचा डेटा पडद्यावर फिरवून बघायचा, हवा तो तुकडा वेगळा काढायचा, नको तो झाकायचा. पुढे १९८७ मध्ये बेल लॅब्सच्या बेकर आणि क्लीव्हलंड यांनी ब्रशिंगवरचा निबंध छापला. एका आलेखात काही ठिपक्यांभोवती चौकट ओढली की शेजारच्या आलेखांत तेच जिल्हे, तीच माणसं उजळतात. टूलटिप तुम्हाला एका ठिपक्याचा आकडा सांगते. ब्रश तुम्हाला ‘हे सगळे एकत्र का आहेत’ असा प्रश्न पाडतो. माझ्या लेखी खरी कसोटी ही दुसरी. आणि गंमत म्हणजे वेबवरची बहुतेक लोकप्रिय टूल्स तिथेच गप्प बसतात.

सुरुवात डेटारॅपरपासून करते, कारण संस्थेच्या साइटवर शेवटी जास्तीत जास्त आलेख त्याचेच लागले. बर्लिनची कंपनी, जन्म पत्रकारांसाठी झालेला. कोड शून्य. एक्सेलमधून तक्ता उचलून चिकटवायचा, कोणता रकाना आकडा आणि कोणता मजकूर ते तपासायचं, आलेखाचा प्रकार निवडायचा, प्रकाशित करायचं. चार पायऱ्या, आणि त्यांचा क्रम चुकवू देत नाही. फुकटच्या प्लॅनमध्ये हवे तितके आलेख करता येतात, फक्त खाली त्यांच्या नावाची बारीक ओळ राहते. ती ओळ घालवायला जे पैसे लागतात ते संस्थेच्या कार्यालयाच्या भाड्याशी स्पर्धा करतील, म्हणून राहू दिली. कुणाला खटकली नाही.

याचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे नाही म्हणायची हिंमत. थ्री-डी पाय चार्ट मागितला तरी मिळत नाही. अक्षांच्या रेघा फिक्या, शीर्षक मोठं, स्रोताची जागा ठरलेली. फोनवर आलेख नुसता आक्रसत नाही, त्याची मांडणीच बदलते: लेबलं वर जातात, बार जाड राहतात, तक्ता असेल तर ओळी कार्डांसारख्या एकाखाली एक येतात. बनवतानाच फोनच्या रुंदीत बघायची सोय आहे. रंगांध माणसाला हे रंग वेगळे दिसतील का, तेही तिथल्या तिथे तपासता येतं. दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरसाठी वर्णन लिहायचा रकाना आहे. तो मराठीत भरला. बाकीच्या टूल्समध्ये हे सगळं करता येतं, पण आपण आठवण ठेवली तर. इथे टूल आठवण करून देतं.

डेटारॅपरचा नकाशा मात्र महाराष्ट्राचा घाम काढतो. दोष त्याचा नाही, आपल्या आकड्यांचा आहे. २०११ ची जनगणना झाली तेव्हा राज्यात ३५ जिल्हे होते. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८, तेव्हाच्या सगळ्या देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि जिल्हे ३६ झाले. आता नव्या नकाशावर जुने आकडे चढवले की पालघर कोरा राहतो आणि उरलेल्या ठाण्यावर दोघांचा मिळून आकडा बसतो. हा आकडा खोटा नाही, पण चित्र खोटं आहे. इंटरनेटवर असे नकाशे ढिगाने सापडतील.

नावांची वेगळीच कथा. नकाशा आणि तक्ता जुळवायचे ते जिल्ह्याच्या नावावरून, आणि जनगणनेच्या इंग्रजी फाइलीत बीडचं स्पेलिंग बी-आय-डी, बुलढाण्यातला एच गायब, रायगडच्या शेवटी मात्र एच हजर. त्यात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. एक फाइल जुन्या नावाची, दुसरी नव्या नावाची, तिसऱ्या फाइलीत दोन्ही. नावांच्या नादी लागूच नये. जनगणनेत प्रत्येक जिल्ह्याला कोड आहे, महाराष्ट्राचे ४९७ ते ५३१, ठाण्याचा ५१७. तो कोड दोन्हीकडे एक रकाना म्हणून घालावा आणि त्यावर जुळवावं. डेटारॅपर स्वतःचा नकाशा चढवू देतं, त्यामुळे ही सोय होते. पालघर आणि ठाणे परत एक करायला मॅपशेपर वापरलं. ब्राउझरमध्ये उघडतं, फुकट आहे, दोन आकार विरघळवून एक करायची आज्ञा एका ओळीची आहे आणि किनारपट्टीचे नको तितके बारीक कंगोरे कमी करायला एक पट्टी आहे, ती सरकवली की नकाशाची फाइल हलकी होते. कोकण किनारा आहे आपला, कंगोऱ्यांना तोटा नाही.

संस्थेने बैठकीत आलेख दाखवले तेव्हा मी मागे उभी राहून फक्त बोटं बघत होते. प्रत्येकाचं बोट पहिल्यांदा आपल्या जिल्ह्यावर. मुलींचं प्रमाण सगळ्यात कमी म्हणून बीडचा लाल रंग कितीही ओरडत असला तरी आधी ठाणे, मग सासर-माहेर, मग बाकीचं जग. वाड्याहून आलेल्या एक बाई मात्र नकाशा उलटसुलट करत राहिल्या. म्हणाल्या, ‘आम्ही पालघरचे, आमचा जिल्हा खाल्ला की हो तुम्ही.’ बरोबरच होतं त्यांचं. मग त्या भागाच्या टूलटिपमध्ये एक वाक्य घातलं, की २०११ मध्ये पालघर ठाण्यातच होता, आणि पालघरचं नाव नकाशावर त्याच्या जागी लिहिलं. टूलटिपमध्ये स्वतःचा मजकूर बेतता येणं ही डेटारॅपरची खरी ताकद मला त्या दिवशी पटली.

भारताचा नकाशा लागत असेल तर आणखी एक खबरदारी. परदेशी टूल्समधल्या तयार नकाशांत जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणे असेलच असं नाही, आणि त्याला न जुळणारा नकाशा छापणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. आमचं काम राज्यापुरतं, म्हणून सुटलो. तुमचं देशाचं असेल तर सीमा बघितल्याशिवाय प्रकाशित करायचं बटण दाबू नका.

आता डेटारॅपर जे करू शकत नाही त्याकडे येते. आमच्या कामाचा गाभा एका स्कॅटरमध्ये, म्हणजे ठिपक्यांच्या आलेखात होता. आडव्या अक्षावर जिल्ह्याची साक्षरता, उभ्यावर शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती. राज्याचा आकडा ८९४. सगळ्यात खाली बीड, ८०७. सगळ्यात वर गडचिरोली, ९६१. आणि नंदुरबार साक्षरतेत शेवटचा, ६४.४ टक्के, पण मुलींच्या बाबतीत ९४४. ‘लोक शिकले की मुली वाचतील’ असं भाषणात म्हणणाऱ्यांसाठी हा आलेख अवघड जागचं दुखणं आहे. पण नुसत्या ठिपक्यांवरून हे गडचिरोली, ते नंदुरबार असं एकेक वाचत बसलं तर मनात चित्र उमटत नाही. वरच्या पट्ट्यावर चौकट ओढावी आणि शेजारच्या नकाशात पूर्व विदर्भाचा कोपरा आणि वायव्येला नंदुरबार असे दोनच भाग एकदम उजळावेत; चौकट खाली ओढली की बीड, जळगाव, अहमदनगर, बुलढाणा. आदिवासी पट्टा आणि बाकीचा महाराष्ट्र यांतला फरक न सांगता कळतो. डेटारॅपरमध्ये हा स्कॅटर छान होतो, हा नकाशाही छान होतो, पण दोघांची एकमेकांशी ओळख नसते.

ही ओळख करून द्यायला व्हेगा-लाइट. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जेफ्री हीर यांच्या गटात ते घडलं. संख्याशास्त्रज्ञ लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये आलेखांचं जे व्याकरण मांडलं, त्याच घराण्यातलं; आर ही सांख्यिकीची प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्यांना तिच्यातल्या जीजीप्लॉट-२ या आलेखांच्या पॅकेजमुळे ते घराणं ओळखीचं असतं. व्हेगा-लाइटने त्या व्याकरणात एक भर घातली, ती म्हणजे निवड. जसं आपण सांगतो की आडव्या अक्षावर साक्षरता, रंग विभागाप्रमाणे, तसंच सांगायचं की इथे चौकट ओढता येईल, आणि तिथे चौकटीत असेल त्याला रंग, नसेल त्याला राखाडी. ‘कसं’ लिहायचं नाही, ‘काय’ तेवढं लिहायचं. सगळं वर्णन एका जेसन फाइलीत, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत मावतं. मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून अल्टेअर वापरते, जे हेच जेसन लिहून देतं. दोन आलेखांच्या मध्ये एक उभी रेघ टाकली की ते शेजारी शेजारी बसतात. असलं काही जमलं की मला अजूनही मौज वाटते.

एक ठिकाण अडतं, ते सांगून ठेवते. चौकट स्कॅटरमध्ये ओढली तर नकाशातल्या जिल्ह्यांनाही साक्षरता आणि मुलींचं प्रमाण हे रकाने माहीत असावे लागतात, नाहीतर नकाशा ढिम्म राहतो. ते रकाने नकाशाला लुकअपने, म्हणजे दुसऱ्या तक्त्यातून शोधून, जोडून द्यावे लागतात, आणि तिथे परत तो ५१७ वाला कोड कामी येतो. अल्टेअरची आणखी एक सवय: पाच हजारांहून जास्त ओळी दिल्या की ते थेट अडवतं. कारण साधं आहे, सगळा डेटा आलेखाच्या फाइलीतच भरला जातो, आणि वाचणाऱ्याच्या फोनने तो सगळा उतरवून घ्यायचा असतो. ती मर्यादा काढून टाकायची युक्ती पहिल्याच शोधात सापडते. काढण्याआधी लोकलमधला तो फोन आठवा. जिल्ह्यांच्या ३५ ओळींना काहीच प्रश्न नाही. गावपातळीवर गेलात तर आधी गोळाबेरीज करा, मग आलेख काढा.

फोनवर मात्र व्हेगा-लाइट थकतं. एकटा आलेख असेल तर त्याला ‘डब्याच्या रुंदीइतका हो’ असं सांगता येतं. पण दोन आलेख जोडले की ही सोय बंद, आणि ब्रशिंगची सगळी मजा जोडलेल्या आलेखांतच. मग रुंदी हाताने ठरवायची, साधारण ३२० पिक्सेल, आणि दोघांना शेजारी न बसवता एकाखाली एक. दुसरं दुखणं बोटाचं. माउसने चौकट ओढणं सोपं, बोटाने ओढायला गेलं की पान सरकायचं की चौकट ओढायची यावर फोन आणि आलेखाची जुंपते. मी फोनसाठी चौकट काढून टाकली आणि खाली बटणं दिली: ‘९४० च्या वर’, ‘८६० च्या खाली’. बटण दाबलं की दोन्हीकडे उजळतं. टुकींना कदाचित पटलं नसतं, पण शहापूरच्या मुख्याध्यापकांना पटलं. लॅपटॉपवर चौकट तशीच ठेवली आहे, संस्थेच्या अभ्यासगटातले दोघं तिघं ती मनापासून वापरतात.

प्लॉटलीशी माझा जुना परिचय, ऐरोलीच्या दिवसांपासूनचा. माँट्रियलची कंपनी, २०१५ मध्ये त्यांनी जावास्क्रिप्ट लायब्ररी ओपन सोर्स केली आणि सगळ्या डेटा सायन्सच्या क्लासांत तीच शिकवू लागले. पायथनमध्ये एका ओळीत चालता-फिरता आलेख. बॉक्स प्लॉट, व्हायोलिन, एरर बार, कंटूर, त्रिमितीय पृष्ठभाग, सांख्यिकीवाल्याला लागेल ते सगळं दुकानात आहे. स्वतः डेटा चाचपायला मी आजही आधी प्लॉटलीच उघडते. लॅसोने ठिपके घेरता येतात, हजारो ठिपके असतील तर ग्राफिक्स कार्डाच्या मदतीने काढणारा वेगळा प्रकार आहे.

पण लोकांपुढे ठेवायला? आलेखाच्या डोक्यावर कॅमेरा, भिंग, घर, बाण असल्या चिन्हांची पट्टी येते, आणि फोनवर ती बरोबर शीर्षकाच्या अंगावर. बोट टेकवून पान सरकवायला जावं तर आलेखच झूम होतो, मग माणूस घाबरतो, कारण परत कसं जायचं ते कुठेच लिहिलेलं नसतं. दोनदा टॅप करायचं असतं, हे कोण सांगणार! पट्टी बंद करता येते, अक्ष गोठवता येतात, दोन्ही सेटिंग्ज एकेका ओळीच्या आहेत. मूळ अवस्थेत तशा नाहीत एवढंच. वजनाचंही बघा: आलेख एचटीएमएल म्हणून साठवला की सगळी लायब्ररी त्याच्या पोटात जाते, एकेक फाइल तीन-चार एमबीची. लायब्ररी नेटवरून घ्यायचा पर्याय दिला तर फाइल काही केबींवर येते, पण मग नेट नसताना पांढरं पान. आणि दोन आलेखांची एकमेकांशी ओळख करून द्यायची तर प्लॉटलीचंच डॅश हे डॅशबोर्ड बनवायचं साधन घ्या, म्हणजे सर्व्हर आला; किंवा स्वतः जावास्क्रिप्ट लिहा; किंवा आरमध्ये क्रॉसटॉक नावाच्या पॅकेजचा हात धरा. आर आणि शायनीवाल्यांना (शायनी म्हणजे आरमधून वेब-ॲप बनवायचं पॅकेज) मी नावं ठेवणार नाही, शायनीत ब्रशिंग सुरेख होतं. पण त्यामागे कुठेतरी एक सर्व्हर जागा ठेवावा लागतो, आणि छोट्या संस्थेत तो सर्व्हर कोण सांभाळणार या प्रश्नावर बैठक संपते.

डी-थ्री ही जावास्क्रिप्ट लायब्ररी म्हणजे या सगळ्यांचं आजोळ. माइक बोस्टॉक, वादिम ओगिएव्हेत्स्की आणि हेच जेफ्री हीर यांनी स्टॅनफर्डमध्ये आधी प्रोटोव्हिस केलं, मग २०११ मध्ये डी-थ्री. बोस्टॉक पुढे न्यूयॉर्क टाइम्समध्ये गेले आणि वर्तमानपत्रातल्या आलेखांची शैलीच बदलली. पण डी-थ्रीला चार्ट बनवायचं टूल म्हणणं म्हणजे वीट-सिमेंटच्या वखारीला घर म्हणणं. बार चार्ट नावाची वस्तू त्यात नाही. मोजपट्ट्या आहेत, अक्ष आहेत, नकाशाची प्रक्षेपणं आहेत, बांधायचं तुम्ही. मी त्याच्या वाटेला क्वचित जाते आणि नव्याने शिकणाऱ्याला सुरुवात तिथून करू नका असंच सांगेन. तरी त्याची ओळख असावी, कारण प्लॉटली, व्हेगा (व्हेगा-लाइट ज्यावर उभं आहे ते), ऑब्झर्वेबल प्लॉट, सगळ्यांच्या पोटात त्याचे तुकडे आहेत. त्यामुळे एक दुखणं सगळ्यांना आनुवंशिक आहे: लाख-कोटी.

तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम आणि ‘एम’ म्हणजे मिलियन, हे यांच्या रक्तात. ठाण्याची लोकसंख्या ‘११ एम’ असं वाचून मुरबाडच्या सदस्याने काय समजावं? डी-थ्रीच्या आकडे लिहायच्या भागात स्थानिक पद्धत देता येते: गट किती-कितीचे, आणि अंक कोणते. अंकांच्या जागी ० ते ९ देवनागरीत दिले की सगळे आकडे मराठीत येतात, काही अडत नाही. गटांमध्ये मात्र एक खुबी आहे. बरेच जण ३, २, २ असे तीनच गट देतात आणि खूश होतात, कारण ठाण्याचा आकडा बरोबर दिसतो. पण यादी संपली की डी-थ्री परत पहिल्यापासून मोजतं, म्हणजे पुढचा गट पुन्हा तीनचा. देशाच्या लोकसंख्येसारखा दहा अंकी आकडा आला की ‘१,२१’ ऐवजी ‘१२१’ एकत्र चिकटून येतात. म्हणून तीननंतर दोन, दोन, दोन अशी लांबलचक माळ द्यायची. ब्राउझरची स्वतःचीही सोय आहे: मराठी-भारत हा कोड दिला की लाख-कोटीचे स्वल्पविराम आणि देवनागरी अंक दोन्ही आपोआप येतात. प्लॉटलीत मी वाद घालत नाही, अक्षावर कुठे खूण आणि तिथे काय लिहायचं ते स्वतः देते: ‘५० लाख’, ‘१ कोटी’. डेटारॅपरमध्ये तर त्याहून सोपं, एक्सेलमध्येच लाखाने भागून चढवते आणि एकक शीर्षकात लिहिते.

उलट बाजूने एक इशारा. मूळ तक्त्यातच देवनागरी अंक टाइप केलेले असतील, जे सरकारी मराठी फाइलींत सर्रास असतात, तर जावास्क्रिप्ट त्यांना आकडा मानतच नाही. आलेख रिकामा येतो आणि चूक कुठे आहे ते दिसत नाही. आत इंग्रजी अंक, बाहेर देवनागरी, हा नियम ठेवावा.

अक्षरांचं म्हणाल तर वेबवरच्या टूल्सनी मराठीवर उपकारच केलेत. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये ‘जिल्हा’ लिहिलं की पहिली वेलांटी ज च्या पुढे जाऊन बसते आणि ल्ह चे दोन तुकडे होतात, हे ज्याने पाहिलंय त्याला माझा आनंद कळेल. ब्राउझरमधल्या आलेखात अक्षरं ब्राउझर जुळवतो, त्यामुळे जोडाक्षरं सरळ येतात. पण व्हेगाचा अक्षावरचा मूळ टाइप दहाचा, इंग्रजीला चालतो; मराठीत त्या आकारात रफार कोणता आणि अनुस्वार कोणता ते भिंगातून बघावं लागतं. तेरा-चौदाच्या खाली जाऊ नये. आणि लांब लेबल तिथे १८० पिक्सेलवर कापलं जाऊन पुढे तीन टिंबं येतात. टाइप मोठा केला की ‘छत्रपती संभाजीनगर’चा शेवट त्यात गेलाच. ती मर्यादा शून्य केली की कापाकापी थांबते. प्लॉटलीत नावाच्या मध्ये ओळ तोडायची खूण घालून ते दोन ओळींत लिहिता येतं. आणि कृपा करून लेबलं तिरपी करू नका. आडवे बार घ्या, नावं डावीकडे सरळ लिहा. शिरोरेघ तिरकी झाली की मराठी वाचणाऱ्याची मान तिरकी होते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. फ्लरिश देखणं आहे, लंडनचं, २०२२ मध्ये कॅनव्हा या डिझाइनच्या कंपनीने घेतलं. धावणाऱ्या बारांची शर्यत त्यामुळेच घराघरात पोचली. संस्थेतल्या तरुण मंडळींना तीच हवी होती. स्वीडनचे हान्स रोझलिंग आपल्या भाषणांत देशांच्या आकड्यांचे फिरते फुगे दाखवायचे तेव्हा शेजारी स्वतः उभे राहून बोलायचे, ‘आता चीनकडे बघा’ म्हणायचे. बोलणारा माणूस काढून टाकला की उरतो तो फक्त पळापळीचा देखावा, कोण कुठून कुठे गेलं ते कुणालाच आठवत नाही. फ्लरिशच्या फुकट प्लॅनमध्ये प्रकाशित केलेल्या आलेखाचा डेटाही सगळ्यांना खुला असतो, तेव्हा मुलींच्या नावांची, शाळेच्या हजेरीची फाइल चुकूनही चढवू नका. जनगणनेला हरकत नाही. हायचार्ट्स नॉर्वेचं, पक्कं आणि जुनं, पण व्यावसायिक कामाला लायसन्स विकत घ्यावं लागतं. ई-चार्ट्स चीनच्या बायडूमधून निघालं आणि आता अपाची संस्थेच्या छत्राखाली आहे. वेगवान आहे, ब्रशही आहे, माझ्या ओळखीच्या एका डेव्हलपरला त्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. गूगल चार्ट्सची लायब्ररी दर वेळी नेटवरून यावी लागते, स्वतःकडे उतरवून ठेवू देत नाहीत. माझ्या डब्याच्या परीक्षेत तिथेच नापास. बोस्टॉक यांच्या मंडळींचं ऑब्झर्वेबल प्लॉट मला फार आवडतं, थोडक्यात बोलतं, पण ते चालवायला जावास्क्रिप्ट यावं लागतं.

संस्थेकडे काम सोपवताना एक गोष्ट निर्णायक ठरली, जी कुठल्याच टूलच्या जाहिरातीत नसते: माझ्यानंतर हे कोण बदलणार? समन्वयक ताई एक्सेलमध्ये पारंगत आहेत, कोड म्हटलं की हात जोडतात. डेटारॅपरमधले आलेख त्या स्वतः उघडून आकडे बदलू शकतात, आणि साइटवरचा आलेख त्याच जागी नवा होतो. व्हेगा-लाइटचा तो एक जोडीचा आलेख मी त्यांना जेसन फाइल म्हणून दिला आहे, डेटा वेगळ्या सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात), म्हणजे निदान आकडे बदलायला कोडला हात लावावा लागणार नाही. नकाशाही दोन दिले आहेत, ३५ जिल्ह्यांचा आणि ३६ चा. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्यातले आकडे आले की ३६ चा नकाशा लावायचा आणि पालघरच्या टूलटिपमधलं ते वाक्य पुसून टाकायचं, असं ताईंनी त्यांच्या वहीत लिहून घेतलं आहे.